अठरावी ओळ

१

दुकान कुठे थाटावं याबद्दल जाणती माणसं सांगतात की कोपरा बघावा, सावली बघावी, शेजार बघावा. चष्मेवाल्याने यातलं काहीच बघितलं नव्हतं. त्याने पुतळा बघितला होता.

चौकाच्या तीन बाजूंना दुकानं आणि चौथी बाजू समुद्राला मोकळी. त्या मोकळ्या कडेवर, धक्क्याच्या कठड्याला लागून, उंच दगडी चौथऱ्यावर आरमाराचा पितळी कप्तान उभा. उभा म्हणजे काय, वाकलेला. एक पाय पुढे, डाव्या हातात पाठीमागे दोर, आणि उजवा हात बोटं पसरून खाली पाण्याकडे लांबवलेला. कोणाला वर ओढून घ्यायचं असावं तसा. तोंड समुद्राकडे, त्यामुळे गावाला ओळखीची फक्त पाठ. पुतळा बसवताना म्हणे यावरून चांगलंच वाजलं होतं. गावच्या बड्या मंडळींचं म्हणणं, पुतळा आमचा तर तोंड आमच्याकडे हवं. मूर्तिकार म्हणाला, तो तुमच्याकडे बघत बसला तर बुडणाऱ्याकडे कोण बघणार? शेवटी बड्या मंडळींनी पाठच पत्करली.

फुटलेल्या जहाजाखालून सतरा माणसं त्याने याच हाताने बाहेर काढली, एवढी गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक. लढाई कोणती, वर्ष कोणतं, याच्या खोलात कोणी शिरत नाही. चौकाच्या बाजूला, म्हणजे कप्तानाच्या पाठीखाली, चौथऱ्यावर ठळक अक्षरांत कोरलंय ‘हे परत आले’, आणि त्याखाली सतरा ओळी. नावं नाहीत. हजेरीवही जहाजाबरोबर तळाला गेली होती, आणि वाचलेले म्हणाले, पाण्यात सगळे सारखेच असतात, आमची कामं लिहा. म्हणून पहिला सुकाणूवाला, मग शिडवाला, तोफवाला, सुतार, वैद्य, असं करत करत सतरावा आचारी.

पाथरवटाचा अंदाज मात्र सपशेल चुकला होता. सुकाणूवाला त्याने वीतभर उंच कोरला. तोफवाल्यापर्यंत पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं की माणसं बरीच आहेत आणि दगड थोडा आहे. मग तो अक्षरं बारीक करत गेला. वैद्य तळहाताएवढा, आणि आचारी बिचारा बोटाच्या पेराएवढा. त्यातही घाबरून इतका आकसला की शेवटी खाली चार बोटं दगड कोराच उरला. गाव शंभर वर्षं त्या पाथरवटाला हसलं. चष्मेवाला पहिल्यांदा चौकात आला, हातातली पेटी खाली ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि मनाशी म्हणाला, अरे, हा तर डोळे तपासायचा तक्ता आहे. ऊन-वारा खाऊन टिकणारा, वर कोणी चोरून नेणार नाही असा.

त्याच दिवशी त्याने पुतळ्यासमोरचं दुकान धरलं. चौकात पावलं टाकून अंतर मोजलं, दाराच्या आत नेमक्या जागी खुर्ची ठेवली आणि तिचे चारही पाय जमिनीला ठोकले. त्याला एकतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक खुर्चीत बसणार, नाकावर तपासणीची जड चौकट, चष्मेवाला एकेक काच सरकवणार आणि विचारणार, आता कुठपर्यंत? कोणी शिडवाल्यावर अडकायचं, कोणी वैद्यापर्यंत जायचं. यादी गावाला तोंडपाठ, त्यामुळे लबाडीही चालायची. एक ट्रकवाला डोळे मिटून सतराच्या सतरा म्हणून मोकळा झाला होता. तेव्हापासून चष्मेवाला मध्येच विचारी, कबुतर कितव्या ओळीपाशी बसलंय? यादी पाठ करता येते, कबुतर नाही.

२

तो सोमवार होता आणि चष्मेवाला खुशीत होता. मुलगी येणार होती. एकुलती एक, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला, अकरा महिन्यांनी घरी. गल्लीत तिला सगळे इंजिनवालीच म्हणत. शुक्रवारी तिचं जहाज बंदराला लागायचं होतं. मागच्या खोलीत बायको काचा घासत होती. दुकानाची अर्धी कमाई खरं तर तिच्या बोटांची, हे चष्मेवाला कोणालाही सांगे, फक्त तिला सोडून. चाकाची घरघर चालू होती आणि त्या घरघरीवर ती गुणगुणत होती.

निवृत्त शिक्षिकाबाई तपासायला आल्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत छड्या मारलेल्या, त्यामुळे त्या खुर्चीत बसल्या तरी परीक्षा दुसऱ्याचीच चालली आहे असं वाटायचं. चष्मेवाल्याने दोन काचा बदलल्या. बाई वाचत गेल्या. चौदा, पंधरा, सोळा. सतरा, आचारी.

“वा,” चष्मेवाला म्हणाला, “या वयात सतरापर्यंत म्हणजे कमाल आहे.”

“मध्ये बोलू नका. अठरा. इंजिनवाली.”

चष्मेवाला हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान थोडी पुढे काढली आणि शुद्धलेखन तपासावं तसं पुन्हा वाचलं. “इंजिनवाली. वेलांटी बरोबर आहे. पण चष्मेवाले, शिडाच्या जहाजावर इंजिन कुठून आलं? आणि त्या काळी बाई कुठली नेमतायत?”

चष्मेवाल्याने आत वळून बघितलं. चाक थांबलं होतं आणि बायको दारात उभी राहून तोंडावर पदर धरून हसत होती. त्याला वाटलं, झालं, हिचीच ही करामत. मुलगी येतेय म्हणून हिनेच बाईंना पढवून आणलंय. बायको मात्र म्हणाली की पढवायचंच असतं तर तिने एखादं गिऱ्हाईक निवडलं असतं, बाईंना पढवायची छाती कोणाची आहे? हे त्याला पटलं. आणि पटलं म्हणून जरा खटकलंही.

३

दुपारी दुकानात कोणी नाही असं बघून तो ओला फडका घेऊन चौथऱ्याकडे गेला. आचारी होता. आचाऱ्याखाली चार बोटं कोरा दगड होता, तसाच. त्याने फडका फिरवला, मग अंगठा फिरवला. खडूची पूड नाही, रंग नाही, ओरखडासुद्धा नाही. दगड गुळगुळीत. फक्त गार. आजूबाजूचा दगड उन्हाने तापलेला आणि तेवढा चार बोटांचा पट्टा माठाच्या बुडासारखा गार.

बुद्धी म्हणून काही असतेच ना माणसाला. चष्मेवाल्याने ती लावली. बाई म्हाताऱ्या, शेजारपाजारच्या तोंडी दिवसभर इंजिनवाली येणार, इंजिनवाली येणार. कानात जे घुमतं ते डोळ्याला दिसतं. धंद्यात त्याने असले प्रकार पुष्कळ बघितले होते. एका गृहस्थांना प्रत्येक ओळीत स्वतःचं आडनाव दिसायचं.

मंगळवारी सकाळी शिंपी आला. शिंपी म्हणजे या चौकातला सगळ्यात रोखठोक माणूस, ज्याला सुईच्या नाकाखेरीज कशातच रस नाही. चष्मेवाल्याने त्याला काही सांगितलं नाही. तो नेहमीसारखा काचा सरकवत राहिला. आणि कालची काच, तीच, चौकटीत बसली तशी शिंपी म्हणाला, “सतरा आचारी. अठरा इंजिनवाली. हे नवीन केलं का? बरं केलंय. तुमच्या पोरीचं कौतुक आहे गावाला.”

“नीट बघ. कोरलंय की रंगवलंय?”

“कोरलंय. ताजंच दिसतंय. ओलं आहे अजून.” शिंप्याने चौकट उतरवली, नुसत्या डोळ्यांनी बघितलं, पुन्हा चढवली. “कारागीर चांगला मिळाला तुम्हाला. टाका सरळ आहे.”

तो गेल्यावर चष्मेवाल्याने ती काच पुसून पेटीत ठेवली. मग पुन्हा काढून उजेडात धरली. काच साधीच होती. बायकोनेच घासलेली.

४

फोन आला तेव्हा दुपारचा एक वाजत होता. जहाज कंपनीच्या कार्यालयातला कोणी कारकून होता, अतिशय सौम्य बोलणारा. तो म्हणाला की जहाजाच्या तळाला मोठी भेग पडली आहे, इंजिनखोलीत पाणी शिरलंय, दुसरं जहाज मदतीला पोचलं आहे. बावीस जणांपैकी किती जण सुखरूप आहेत ते अजून कळलेलं नाही. धीर धरा, तो म्हणाला, परत आलेल्यांची यादी अजून आमच्याकडे आलेली नाही.

चष्मेवाल्याने फोन ठेवला. आत चाक घरघरत होतं. बायको गुणगुणत होती, आणि तिला जाऊन सांगायचं तर एकच पडदा बाजूला करायचा होता. तो पडद्यापर्यंत गेला आणि परतला. मग त्याने एकतीस वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. स्वतःच्या खुर्चीत बसला.

त्याला ठाऊक होतं की याला काही अर्थ नाही. ज्याला यादी पाठ त्याचे डोळे यादीवर तपासता येत नाहीत, हा त्याचाच नियम. तरी त्याने जड चौकट नाकावर चढवली आणि ती काच सरकवली. सुकाणूवाला. शिडवाला. तोफवाला. तो घाईने खाली उतरत गेला, जिन्यावरून उतरावं तसा. आचारी. त्याखाली, पेराएवढ्या अक्षरांत, ताज्या कापलेल्या दगडाच्या पांढुरक्या रंगात, इंजिनवाली. वेलांटी बरोबर. अक्षरांच्या तळातून पाण्याची एक बारीक रेघ खाली ओघळत होती.

ओळ दिसली तसा त्याचा श्वास मोकळा झाला. आणि श्वास मोकळा झाल्यावर आणखी एक गोष्ट डोळ्यांत आली. यादीच्या वर, चौथऱ्याच्या कडेवर, कप्तानाच्या टाचा असायच्या. हिरव्या पडलेल्या, जाड, बुटांच्या टाचा. एकतीस वर्षं त्या तिथेच होत्या. काचेतून तिथे नुसतं आकाश दिसत होतं.

त्याने आणखी वर बघितलं नाही. काच चुकली असेल, तो मनाशी म्हणाला. त्याने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्या समुद्राला शब्द दिला. त्याचं आणि पाण्याचं कधी जमलं नव्हतं. बंदरावर अर्धं आयुष्य काढलं पण होडीत पाय म्हणून ठेवला नव्हता, यावर घरात इतके विनोद झाले होते की आता नवा सुचत नव्हता. मुलगी दर पत्रात लिहायची, बाबा, यावेळी मी तुम्हाला होडीत बसवणार. तो म्हणाला, ती येऊ दे, मी बसतो. हसण्यावारी नेणार नाही, सबब सांगणार नाही. ती आली की पहिल्या रविवारी बसतो.

५

संध्याकाळच्या आत दुसरा फोन आला. बावीसच्या बावीस. तोच कारकून होता, पण आता त्याला सौम्यपणा जमत नव्हता, तो चक्क ओरडत होता. चष्मेवाल्याने तेव्हा कुठे पडदा बाजूला केला आणि बायकोला एका दमात वाईट आणि चांगली अशा दोन्ही बातम्या सांगितल्या, आणि होडीत बसायचा दिलेला शब्दही सांगून टाकला. तिने आधी त्याच्या हातावर फटका मारला, सकाळपासून गप्प कसे राहिलात म्हणून. दुपारपासून, तो म्हणाला. मग ती रडली, मग हसली, मग तिने शिंप्याला, न्हाव्याला, बेकरीवाल्याला, सगळ्या चौकाला हाका मारमारून सांगितलं. बेकरीवाल्याने उरलेले सगळे पाव वाटून टाकले. न्हाव्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच सोडलं आणि तेही फेसासकट अभिनंदन करायला आलं.

या सगळ्या गलक्यात झाडूवाली तेवढी कुरकुरत होती. तिचं म्हणणं, तिने दुपारी चौथऱ्याच्या पायथ्याशी केवढंतरी डबकं काढलं. पाऊस नाही, नळ फुटलेला नाही, आणि पाणी आलं कुठून? तिने नगरपालिकेला चार शब्द सुनावले. शिंपी म्हणाला, कुत्र्याचं काम असेल.

“एवढं मोठं कुत्रं?” झाडूवाली म्हणाली. “आणि सुकल्यावर खाली मीठ राहिलंय. मी चाखून बघितलं.”

यावर चौक इतका हसला की कबुतरं उडाली. चष्मेवालाही हसला. हसता हसता त्याने पुतळ्याकडे बघितलं. कप्तान जागेवर होता, वाकलेला, पाठमोरा. टाचा होत्या. उजव्या बाहीच्या टोकावरून एक थेंब सुटला आणि कठड्यापलीकडे गेला. तो पडल्याचा आवाज काही त्याला ऐकू आला नाही, पण त्याची वाट बघत तो बराच वेळ उभा राहिला.

६

मुलगी ठरल्याप्रमाणे शुक्रवारीच आली, फक्त दुसऱ्याच्या जहाजाने आणि दुसऱ्याच्या कपड्यांत. सदरा इतका मोठा होता की आईने तिला मिठी मारली तेव्हा आधी नुसतं कापडच हाताला लागलं. ती चौकातून चालत आली तशी दुकानादुकानांतून माणसं बाहेर येत गेली. तिने सगळ्यांची चेष्टा केली. न्हाव्याला म्हणाली तुझे केस गेले, शिंप्याला म्हणाली तुझा टेप वाढला. वडिलांना म्हणाली, “बाबा, माझी बॅग बुडाली, पण तुम्ही दिलेला चष्मा नाकावरच राहिला. दुकानाबाहेर पाटी लावा.”

जेवताना तिने जे काही सांगितलं ते थोडक्यातच. आईने तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा बाही मागे सरली आणि चष्मेवाल्याला तिचं मनगट दिसलं. उजव्या मनगटाभोवती हिरवा डाग होता. पितळी बांगडीने हात हिरवा पडतो तसा, पण बांगडी गोल असते. इथे चार पट्टे एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला.

“हे काय गं?”

“जात नाही ते. साबण लावला, रॉकेल लावलं.” तिने मनगट उलटसुलट करून बघितलं. “खालचं दार पाण्याने दाबलं गेलं होतं, बाबा. शिडी सुटली. मी म्हटलं, संपलं. तेवढ्यात वरून हात आला.”

“कोणाचा?”

“मला वाटलं, फिटरकाका. पण वर आले तर फिटरकाका आणि बाकीचे वीस जण पार पलीकडच्या टोकाला, मला हाका मारत उभे. माझ्याजवळ कोणीच नव्हतं.” तिने बाही खाली ओढली. “गार होता हात. आणि ना, सावकाश ओढलं त्याने. अजिबात घाई नाही. रोजचं काम असल्यासारखं.”

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, कोणी का असेना, त्याचं भलं होवो. मुलगी म्हणाली, भलं नंतर, आधी आणखी भात. आणि मग तिने मुद्द्याला हात घातला. रविवार परवा आहे, होडी ठरवून आले आहे, तिघांची. बाबांनी शब्द दिलाय असं आई म्हणते.

चष्मेवाला म्हणाला, दिलाय. दुकानदाराचा शब्द म्हणजे बांधून दिलेला माल, तो परत घेता येत नाही.

७

शनिवारी शिक्षिकाबाई तयार चष्मा न्यायला आल्या. नवा चष्मा घालून, दारात उभं राहून त्यांनी सतरा ओळी वाचल्या. अठरावी नव्हती. पुसलीत वाटतं, त्या म्हणाल्या, बरं झालं, इतिहासात घुसवाघुसवी वाईटच. चष्मेवाल्याने हात जोडले. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. काम झालं, ओळ गेली, विषय संपला.

त्या गेल्यावर मुलीने आईला धरून आणलं. आईने वर्षानुवर्षं गावाच्या काचा घासल्या आणि स्वतःचे डोळे कधी तपासले नाहीत, हे काही बरोबर नाही. आई लाजली, उद्या बघू म्हणाली, पण खुर्चीत बसवली गेली. मुलगी बेकरीत गेली. चष्मेवाल्याने बायकोच्या नाकावर चौकट ठेवली. इतक्या जवळून आणि इतक्या उजेडात त्याने बऱ्याच दिवसांत तिचा चेहरा बघितला नव्हता. तो थोडा रेंगाळला. ती म्हणाली, “अहो, गिऱ्हाइकाकडे असं बघतात का?”

ती झरझर वाचत गेली. डोळे उत्तम होते. सतरा म्हणून झाल्यावर तिने ओठ मुडपले, हसू दाबताना ती नेहमी तसं करी.

“आता हे तुमचंच काम,” ती म्हणाली. “मला उगाच नावं ठेवत होतात. अठरा, चष्मेवाला.”

 चाक बंद होतं. कुठेतरी, बहुतेक आतल्या मोरीत, एकेक थेंब पडत होता.

“ओली आहे ओळ?” त्याने विचारलं.

“हो, ताजी दिसतेय. कधी कोरून घेतलीत?”

 तो पेटीकडे वळला. डोकं मात्र चालत होतं. बाजारात सौदा तुटायच्या वेळी चालतं तसं, साफ आणि भरभर. सोमवारी ओळ आली, मंगळवारी पाणी आलं. वर लिहिलंय, हे परत आले. परत यायला आधी जावं लागतं. बरं, उद्या होडीत तिघं बसणार.

“खाली बघ,” तो म्हणाला. “चष्मेवाल्याच्या खाली काय आहे?”

“खाली काय असणार? दगड.”

त्याने काच बदलली. आता? दगडच. त्याने आणखी एक काच घातली, मग ती काढून तिसरी. आयुष्यात इतक्या काळजीने त्याने कोणाचेच डोळे तपासले नव्हते. त्याने पेटीतली एकूण एक काच लावून बघितली आणि दर वेळी तेच विचारलं. बायकोने दर वेळी तेच सांगितलं. शेवटी ती म्हणाली, अहो, माझे डोळे बरे आहेत, तुमचं काय बिनसलंय ते बघा.

त्याने चौकट उतरवली. तिच्या नाकावर चौकटीचा लाल ठसा उमटला होता, तो त्याने अंगठ्याने पुसला. ओळ एकच होती, आणि तिघांपैकी एकाचीच होती; दोघींच्या परत येण्याचं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

८

रविवारी ऊन असं पडलं होतं की समुद्र भांडं घासून ठेवल्यासारखा लखलखत होता. चष्मेवाला होडीत बसणार ही बातमी चौकभर झाली होती आणि धक्क्यावर जत्रा लोटली होती. बेकरीवाला दुकान बंद करून आला. शिक्षिकाबाई छत्री घेऊन आल्या. शिंपी म्हणाला, आम्हाला पुरावा हवा.

होडीवाला चष्मेवाल्याने स्वतः बदलून घेतला होता. मुलीने ठरवलेला माणूस चांगलाच होता, पण चष्मेवाल्याला हवा होता तो दुसरा, काळा कुळकुळीत, जो रोज सकाळी चहाच्या आधी बंदर पोहून पार करतो आणि चहानंतर परत येतो. अशा माणसाची कोणाला काळजी करायला नको. ऐनवेळी त्याने जाहीर केलं की पहिली फेरी तो एकटा मारणार. बायको आणि मुलगी दोघी एकदमच ‘का?’ म्हणाल्या. तो म्हणाला, मी घाबरणार हे नक्की आहे, ते जवळून बघून तुम्ही जन्मभर हसाल. लांबून हसा. दुसऱ्या फेरीला सगळे मिळून जाऊ. हे त्याच्या स्वभावाला इतकं धरून होतं की दोघींनी मान्य केलं. मग त्याने तरंगायची जॅकेटं दोन मागितली, एक पुढून आणि एक मागून, आणि धक्का खळखळून हसला.

मुलीने पायरीवर त्याला हात दिला. तिच्या मनगटावरचे पट्टे फिकट झाले होते.

“बाबा, घट्ट धरा. आणि परत आल्यावर सांगा कसं वाटलं.”

“परत तर येणारच,” तो म्हणाला. “ते लिहूनच दिलंय.”

होडी सुटली. पहिल्या दहा वल्ह्यांत त्याने बसायची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली, पुढच्या दहांत तो थोडा सैल झाला, आणि मग त्याला मोठंच नवल वाटलं, कारण त्याला मजा यायला लागली. पाणी होडीच्या कडेला चपचप वाजत होतं. वारा डोळ्यांना थंड लागत होता. एवढी वर्षं आपण हे दारात ठेवून दाराआड बसलो, त्याला वाटलं. होडीवाला वल्ही मारता मारता एकेक किस्से सांगत होता, आणि चष्मेवालाही त्याला ट्रकवाल्याची आणि कबुतराची गोष्ट सांगत होता. दोघं मनापासून हसत होते.

पाण्याखाली होडीच्या बुडाला काहीतरी हलकेच घासलं. एकदाच.

“वाळूचा ढीग असेल,” होडीवाला म्हणाला आणि वल्हं थांबवून खाली वाकून बघू लागला. “पण इथे तर दहा पुरुष पाणी आहे.”

चष्मेवाला मागे वळला. त्याच्या मनात होतं की आज इतक्या वर्षांनी आपण बरोबर बाजूला आलो आहोत, निदान कप्तानाचं तोंड तरी बघून घ्यावं, नमस्कार करावा, मुलीसाठी आभार मानावेत. धक्का उन्हात स्वच्छ दिसत होता. कठडा, छत्री, हात हलवणारी गर्दी, सगळ्यांच्या पुढे बायको आणि मुलगी, दोघी हसत होत्या. त्यांच्या डोक्यावर चौथरा दिसत होता.

चौथऱ्यावर कोणी नव्हतं.

गर्दीतल्या कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. चष्मेवाल्याने दोघींना हात हलवून दाखवला, चांगला उंच, की त्यांना नीट दिसावा. मग त्याने नाकावरचा चष्मा काढला, खिशात घालून वरून गुंडी लावली, आणि उजव्या हाताची बाही सावकाश, एकेक घडी घालत, कोपरापर्यंत वर दुमडली.